पोडियमवरच्या लॉनला डिसेंबरात पांढरट डाग: थंडी, बुरशी की आणखी काही? (नेरूळ)

पामबीचकर
मंडळी, नमस्कार. आमच्या सोसायटीत क्लबहाउस आणि बी विंगच्या मधे पोडियमवर, म्हणजे स्लॅबवर माती घालून केलेल्या मोकळ्या जागेत, लॉन आहे. सिलेक्शन वन जातीचं बारीक गवत, बिल्डरनेच लावून दिलेलं. पावसाळ्यात दृष्ट लागेल असं असतं, दिवाळीपर्यंतही ठीक. डिसेंबर लागला की नाण्याएवढे फिकट डाग पडायला लागतात, जानेवारीत ते एकमेकांना मिळतात आणि लॉन पार कळाहीन दिसतं. होळीच्या सुमारास पुन्हा हिरवं धरायला लागतं.

बागेचं काम बघणारा कंत्राटदार म्हणतो, "थंडीने जळलंय साहेब", आणि दरवर्षी तेवढा भाग उपटून नवीन गवताच्या लाद्या अंथरायचं कोटेशन पुढे करतो. दोन वर्षं आपण मुकाट दिलं. यंदा खजिनदारांनी हात वर केलेत आणि बागेचं खातं माझ्या गळ्यात आलंय. खरंच थंडीने जळतं का? बुरशी असेल तर कोणती आणि फवारायचं काय? लॉनवर संध्याकाळी लहान मुलं खेळतात, हेही लक्षात घ्या.

घोडबंदरवाली
थंडी? नेरूळला? आमच्याकडे ठाण्यात येऊरचा डोंगर डोक्यावर आहे, तरी स्वेटर काढायचा की नाही हे ठरेपर्यंत थंडी उरकते.

मला विचाराल तर कुत्र्यांवर लक्ष ठेवा. आमच्या लॉनवर असेच डाग होते आणि सगळ्या सोसायटीने माझ्या लॅब्रॅडॉरला गुन्हेगार ठरवलं होतं. (तो होताच म्हणा, पण सगळे डाग त्याचे नव्हते.)

सानपाडा_गच्ची
एवढा विचार कशाला? कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकांचं तयार मिश्रण मिळतं. मारा एकदा, आठवड्याने परत मारा, विषय संपला. माझ्या गच्चीवरच्या गुलाबांना तेच.

नांगरधारी
दापोलीला शिकलोय आणि सध्या ठाण्यात राहून लोकांच्या बागा निस्तरतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी थंडीचं. सिलेक्शन वन म्हणजे आपल्या हरळीचीच निवडक बारीक जात. हे उन्हाळी गवत आहे. मातीचं तापमान साधारण १० अंशांच्या खाली गेलं की ते झोपी जातं, पानं तपकिरी होतात. दिल्ली-चंदीगडकडे जानेवारीत हरळीची लॉनं अशी दिसतात, आणि ती सगळीकडून सारखी पिवळी पडतात, ठिपक्या-ठिपक्यांनी नाही. सांताक्रूझ वेधशाळेतला आजवरचा नीचांक ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२चा. आपल्याकडे एरवीच्या थंड रात्री पंधरा-सोळाच्या आसपास. एवढ्याने हरळी जळत नाही. वाढ मंदावते, बस. पण ही मंदावलेली वाढच पुढे महत्त्वाची आहे, तिच्याकडे येतो.

पामबीचकर, आता मला हे सांगा: पाणी किती वाजता देता आणि कुठलं देता? लॉनवर ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं? गवत कापायचं मशीन किती दिवसांनी फिरतं? आणि एक काम करा. ऊन यायच्या आधी, दव असताना तिथे जाऊन उकिडवे बसा आणि डागाच्या कडेचं एक पातं तोडून जवळून बघा. उभ्याने काढलेल्या फोटोवरून निदान करायला मी बसणार नाही.

सानपाडा_गच्ची
डॉक्टरांनी आधी पथ्य विचारलं म्हणजे बिल मोठं येणार ;)

टोरांटोचा_ठाणेकर
धागा बघून राहवलं नाही. लॉनचं हिवाळी नुकसान म्हणजे काय ते आमच्याकडे येऊन बघा. मार्च-एप्रिलमधे बर्फ वितळला की खाली गवत चप्पट झोपलेलं आणि त्यावर राखाडी किंवा गुलाबीसर बुरशीची वर्तुळं. याला स्नो मोल्ड म्हणतात. राखाडी म्हणजे टायफुला. तिला दोनेक महिने तरी बर्फाचं पांघरूण लागतं, आणि जाताना पात्यांवर तांबूस-तपकिरी बारीक दाणे ठेवून जाते. तेच पुढच्या हिवाळ्याचं बियाणं. गुलाबी म्हणजे मायक्रोडोकियम. हिला बर्फ नसला तरी चालतो, शून्याच्या थोडं वर तापमान आणि ओल एवढं पुरे. जमीन गोठायच्या आधी बर्फ पडला की दोघींचं फावतं, कारण खाली ऊब राहते.

त्याहून वाईट प्रकार फेब्रुवारीत होतो. मधेच दोन दिवस ऊन पडतं, बर्फाचं पाणी होतं, गवताच्या बुडख्यातल्या पेशी ते पिऊन फुगतात आणि रात्री पारा एकदम उणे पंधरा. फुगलेल्या पेशी फुटतात. बुडखा मेला की रोप संपलं, मग फवारून काही होत नाही. शिवाय रस्त्यावर टाकलेलं मीठ कडेच्या पट्ट्याला जाळतं ते वेगळंच.

तेव्हा पामबीचकर, तुमच्या कंत्राटदाराला एक जानेवारी इकडे पाठवा. "थंडीने जळलंय" म्हणजे काय ते कळेल.

घोडबंदरवाली
मीठ मात्र नवी मुंबईतही आहे हो, खाडीकृपेने.

पामबीचकर
नांगरधारी, धन्यवाद. उत्तरं देतो.

पाणी एसटीपीचं, म्हणजे सांडपाण्यावर प्रक्रिया केलेलं. स्प्रिंकलर संध्याकाळी साडेसहाला, मुलं घरी गेली की. ऊन जूनमधे लख्ख असतं. पण आज मुद्दाम बघितलं तर अर्ध्या लॉनवर दिवसभरात ऊन असं आलंच नाही, बी विंगची सावली. उरलेल्या अर्ध्यावर साडेदहानंतर. मशीन पंधरा दिवसांनी.

आणि सकाळी उकिडवा बसलो. वॉचमन विचारत होता, काय हरवलं साहेब. डागांच्या कडेला पांढरे तंतू दिसले, कापूस पिंजून पसरल्यासारखे, दवाने ओले झालेले. अकराच्या सुमाराला परत गेलो तर उन्हातल्या भागातले गायब, सावलीतले तसेच. पातं तोडून बघितलं: मधोमध वाळल्या गवतासारखा पांढरट पट्टा, दोन्ही बाजूंनी तांबूस-तपकिरी रेघ, आणि पट्टा मधे चिमटलेला. वर-खाली पातं हिरवंच. क्लबहाउसच्या पायवाटेलगतचे डाग मात्र निराळे आहेत. मोठे, मधे पूर्ण वाळलेले आणि भोवती गडद हिरवी कड.

घोडबंदरवाली
पायवाटेचे डाग कुत्र्याचेच! गडद हिरवी कड हीच खूण. लघवीतल्या नत्राने (नायट्रोजनने) मधलं जळतं आणि कडेला खत मिळतं. लगेच बादलीभर पाणी ओतलं तर डाग पडत नाही. अनुभवाचे बोल.

नांगरधारी
पायवाटेचं ताईंनी बरोबर सांगितलं. बाकीचं तुम्ही इतकं नीट बघितलंय की अंदाज करावा लागत नाही. हा डॉलर स्पॉट. अमेरिकेतल्या चांदीच्या डॉलरएवढे डाग म्हणून तसं नाव पडलं. बुरशीचं शास्त्रीय नाव २०१८मधे बदलून क्लॅरिरीडिया झालं. जुन्या पुस्तकांत स्क्लेरोटिनिया म्हणून सापडेल.

तंतूंबद्दल एक. सकाळी लॉनवर कोळ्यांची जाळीही असतात. जाळं पात्यांच्या वर सपाट ताणलेलं असतं. बुरशीचे तंतू पात्यांच्या मधे, खाली गुंतलेले असतात आणि दव वाळलं की दिसेनासे होतात. शंका असेल तर डागाच्या कडेची पाती ओल्या टिश्यू पेपरसकट प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी तंतू वाढलेले दिसतील.

आता कारण. या बुरशीला साधारण १५ ते ३० अंश तापमान आवडतं. म्हणजे नवी मुंबईचा डिसेंबर-जानेवारी तिच्यासाठीच बेतलेला. दुसरं, पातं सलग दहा-बारा तास ओलं राहायला हवं. तिसरं, गवत उपाशी हवं, म्हणजे नत्र कमी. चौथं गमतीचं आहे: मुळाशी माती कोरडी आणि पात्यावर ओल, हे तिला सगळ्यात मानवतं. तुमच्या पोडियमवर माती असेल जेमतेम फूटभर, खाली स्लॅब. वरवर स्प्रिंकलर मारलात की पाती ओली होतात, मुळं तहानलेलीच.

आता हिशेब करा. साडेसहाला पाणी. आपल्याकडे हिवाळ्यात आकाश निरभ्र, हवेत खाडीचा दमटपणा, रात्री दव पडतंच. म्हणजे सायंकाळी ओलं झालेलं पातं वाळायच्या आत दव आलं, आणि सकाळी सावलीमुळे ते साडेदहापर्यंत उठत नाही. झाले सोळा तास. शिवाय पात्याच्या टोकाला सकाळी जो मोठा थेंब असतो तो निव्वळ दव नसतो. गवत स्वतःच आतलं पाणी टोकातून बाहेर टाकतं, आणि त्यात साखर नि अमिनो आम्लं असतात. बुरशीला नाश्ता तयार. एरवी जोमाने वाढणारं गवत आजारी टोकं मशीनखाली देऊन मोकळं होतं. हिवाळ्यात वाढ मंद, मशीन पंधरा दिवसांनी, त्यामुळे डाग साचत जातात.

सगळ्यात कामाची गोष्ट: ही बुरशी शक्यतो पानांवर राहते, मुळं आणि बुडखा सहसा मरत नाही. म्हणून तर तुमचं लॉन होळीला आपोआप हिरवं होतं. म्हणजे दोन वर्षं जिवंत गवत उपटून त्याच जागी, त्याच सावलीत, त्याच पाण्याखाली नवीन गवत झोपवलंत.

भूमितीमास्तर
सावलीचं जरा मोजून सांगतो, कारण सोसायट्यांमधे हे कुणी बघत नाही. २२ डिसेंबरच्या सुमारास आपल्या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच असतो, तोही दक्षिणेकडे. बी विंग वीस मजली म्हणजे साठेक मीटर धरली तर ऐन दुपारी तिची सावली उत्तरेला ५५ मीटर जाते. सकाळ-संध्याकाळ याहून लांब. मेच्या मध्यावर तोच सूर्य ठाण्यात थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाशी गोळा होते. बिल्डरच्या ब्रोशरमधला फोटो मे महिन्यातला असतो, हे माझं ठाम मत.

पामबीचकर
बी विंग दक्षिणेलाच आहे, बावीस मजली. आमचा हिवाळा म्हणजे बी विंगच म्हणा की.

सानपाडा_गच्ची
ठीक, बुरशी आहे हे सिद्ध झालं. मग माझं औषध बरोबरच होतं ना? आणि गवत उपाशी आहे तर युरिया टाका म्हणावं भरपूर.

नांगरधारी
भरपूर नको. गंमत बघा. अशाच दिसणाऱ्या डागांचा दुसरा रोग आहे, ब्राउन पॅच, रायझोक्टोनिया बुरशीचा. त्याची वर्तुळं फूट-दोन फुटांची असतात, रात्री उकडत असताना येतात आणि त्यांना नत्र जास्त झालेलं आवडतं. पावसाळ्याच्या शेवटी, ऑक्टोबर हीटमधे आपल्याकडे तो दिसतो. एकाला युरिया हा उतारा, दुसऱ्याला मेजवानी. आणि पाणी तुंबलेल्या जागी पिथियम येतो, पाती तेलकट काळपट होऊन चिकटतात. त्यावर कार्बेन्डाझिम मारलंत तर काही उपयोग नाही, कारण पिथियम खऱ्या अर्थाने बुरशीच नाही, त्याला मेटालॅक्सिलसारखं वेगळं औषध लागतं. म्हणून आधी उकिडवं बसायला सांगतो.

डॉलर स्पॉटला थोडं नत्र द्या: १०० चौरस मीटरला अर्धा किलो युरिया, पाती कोरडी असताना फेकायचा आणि लगेच भरपूर पाणी, नाहीतर युरियानेच जळेल. तेही एसटीपीच्या पाण्याचा रिपोर्ट बघून, कारण त्यात नत्र आधीच असू शकतं.

कार्बेन्डाझिमबद्दल: अमेरिकेतल्या गोल्फ मैदानांवर या गटातल्या औषधांना दाद न देणारा डॉलर स्पॉट सत्तरच्या दशकातच सापडला होता. पुन्हा पुन्हा तेच मारलं की असं होतं. शिवाय ते गांडुळांच्या मुळावर येतं. फूटभर मातीच्या पोडियमवर गांडुळं गेली की माती भुसभुशीत ठेवायला कुणी उरत नाही. औषध नकोच असं म्हणत नाही. पाणी सुधारूनही डाग पसरत राहिले तर प्रोपिकोनाझोलसारखं दुसऱ्या गटातलं एकदा, लेबलवर लिहिलेल्या मात्रेत, आणि लेबलवर सांगितलंय तोपर्यंत मुलं-कुत्री लॉनबाहेर. गुलाब आणि मुलं लोळतात ते गवत यांत फरक आहे.

उरणचा_पाटील
आमच्या गावात हौसेने लॉन कुणी लावत नाही, पण एक विचारतो. सोसायट्यांमधलं कापलेलं गवत टेम्पोवाले फुकट देतात, मी म्हशींना घालावं म्हणतो. बुरशीचं चालेल का?

नांगरधारी
पाटील, हात जोडून सांगतो, घालू नका. लॉनवर कोण कधी काय फवारतं याचा पत्ता नसतो. आणि बुरशी लागलेला चारा हिवाळ्यात म्हशींना किती महाग पडतो ते पंजाब-हरियाणात बघा. तिकडे भाताचा ओला, बुरशी धरलेला पेंढा खाल्लेल्या म्हशींच्या शेपट्या, कान, खूर सडून गळतात. डेगनाला म्हणतात त्या रोगाला, आणि संशय फ्युझारियम बुरशीच्या विषावर आहे. आपल्याकडेही अवकाळी पावसात भिजलेला पेंढा उडवीत तसाच रचतात. तो वेगळा काढा, वाळवला तरी वास येत असेल तर गोठ्यात आणू नका.

उरणचा_पाटील
समजलं. उडवी उद्याच उघडून बघतो. यंदा नोव्हेंबरात भिजली होती.

खारघर_सेक्टर_बारा
थोडं अवांतर. खारघरच्या डोंगरावरचं गवतही डिसेंबरात पूर्ण पिवळं पडतं. तिथे पण बुरशीच का?

नांगरधारी
नाही हो. तो त्यांचा क्रम आहे. पावसाळी गवतं बी टाकली की वाळतात. कुसळी कपड्यात टोचायला लागली म्हणजे त्यांचं वर्षाचं काम झालं. तांबेरा वगैरे तिथेही दिसेल, पण त्याने डोंगर पिवळा होत नाही. डोंगराला धोका वणव्याचा.

सी_विंग_४०१
हा धागा मला व्हॉट्सअॅपवर आला. मीच तो हात वर केलेला खजिनदार. पामबीचकर, मीटिंगमधे न बोलता इथे बोललात, असो, माहिती चांगली मिळाली.

माझे प्रश्न व्यवहाराचे. एक, पाणी सकाळी द्यायचं तर पंप ऑपरेटर आठला येतो. दोन, लाद्यांचं कोटेशन नाकारलं तर कंत्राटदार देखभालीचे दर वाढवणार. तीन, बी विंग पाडता येत नाही.

घोडबंदरवाली
काका, तिसरा मुद्दा ठरावात घ्या, सर्वानुमते मंजूर होईल.

नांगरधारी
खजिनदार साहेब, पंपाला टायमर बसवा. पहाटे पाचला सुरू झाला पाहिजे. दव तेव्हा पडलेलंच असतं, त्यामुळे पाती भिजण्याचे तास वाढत नाहीत, उलट टोकावरचे ते साखरेचे थेंब धुऊन जातात. रोज थोडं थोडं नको. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड, पण माती बोटभर खोल ओली होईल असं. लहान मुलं एसटीपीच्या ताज्या फवाऱ्यावर खेळणार नाहीत हा वरचा फायदा.

माळी आठला आला की दोघांनी पाण्याच्या नळीची दोन टोकं धरून ती लॉनवरून ओढत न्यायची. दव झडतं. गोल्फ मैदानांवर हेच करतात, तिथे लांब लवचीक काठी फिरवतात. मशीन मात्र पाती वाळल्यावरच, नाहीतर चाकांना चिकटलेली पाती डाग सगळीकडे वाटत फिरतात. सावलीतला भाग झाल्यावर मशीन धुवा. मशीनच्या पात्याला धार आहे का तेही बघा. बोथट पात्याने गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि फाटलेलं टोक लवकर वाळून पांढरं दिसतं. निम्म्या सोसायट्यांमधे हाच "रोग" असतो.

एसटीपीच्या पाण्यातले क्षार पावसाळ्यात धुऊन जातात आणि नोव्हेंबरपासून साचायला लागतात. पाती टोकाकडून सरळ जळत आली तर ते क्षार, बुरशी नव्हे. महिन्याकाठी एकदा गोड्या पाण्याने भरपूर भिजवून निचरा होऊ द्या. माती-पाणी तपासायचं तर पनवेलला खार जमिनींवर काम करणारं कोकण कृषी विद्यापीठाचं केंद्र आहे, तिथे विचारून बघा.

सी_विंग_४०१
टायमरचा खर्च लाद्यांच्या कोटेशनपुढे किरकोळ आहे. मंजूर. बी विंगच्या सावलीतल्या भागाचं काय? तिथे हे सगळं करूनही ऊन येणार नाहीच.

नांगरधारी
तिथे हरळी लावणं हीच मूळ चूक, आणि ती बिल्डरची. हरळीला सहा तास तरी ऊन हवं. तो पट्टा पुढच्या जूनमधे, पाऊस लागल्यावर बदला. मेक्सिकन लॉन थोडी सावली सोसतं, रुंद पात्याचं बफेलो गवत त्याहून जास्त. मुलं तुडवणार असतील तर मेक्सिकन. अगदी भिंतीलगत, जिथे जूनशिवाय ऊनच नाही, तिथे गवताचा हट्ट सोडा आणि फरशी टाकून बाक ठेवा. मेक्सिकनलाही मोठ्या वर्तुळांचा रोग होतो, नंतर मला शिव्या देऊ नका.

पामबीचकर
आज नळी ओढून झाली. माळीदादा आधी हसले, मग पाण्याचा सडा बघून म्हणाले, "एवढं दव होतं होय!" सावलीतल्या भागात तंतू अजून दिसतात. युरिया या आठवड्यात नको म्हणतो, आधी पाण्याचा रिपोर्ट येऊ दे.

सानपाडा_गच्ची
नांगरधारी, माझ्या गुलाबांच्या पानांवर काळे ठिपके आहेत, भोवती पिवळं. वेगळा धागा काढू की इथेच विचारू?

नांगरधारी
वेगळा काढा. आणि पाणी किती वाजता घालता ते पहिल्याच ओळीत लिहा.